तिपानी मोजणारी चौकट

मित्रांनो, मी चार पट्ट्यांची एक जुनी चौकट आहे. मला कुणी खिडकीला बसवले नाही, माझ्यात कुणाचा फोटोही लावला नाही. माझा जन्म जमिनीवर आडवे पडून राहण्यासाठी झाला. मी जिथे पडेन, तेवढ्या जागेतली रोपे मोजायची, एवढेच माझे काम.

वनसंशोधन केंद्राच्या आवारात एक सुतार होता. त्याने एका मोडक्या बाकाच्या पट्ट्या काढून मला जोडले. आतून बरोबर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद. ज्या बाईंनी मला करायला सांगितले होते, त्यांनी मला दोनदा परत पाठवले. पहिल्यांदा मी केसभर कमी भरले, दुसऱ्यांदा केसभर जास्त. सुतार वैतागला. हिच्यात सोने मोजायचे आहे का, असे त्याने विचारले. सोने असते तर एवढे नेमके लागले नसते, गवत आहे म्हणून लागते, असे बाई म्हणाल्या. सुताराला त्यातले काही कळले नाही, पण तिसऱ्यांदा त्याने मला अगदी चोख केले. मग माझ्या पट्ट्यांना बारीक भोके पाडून त्यांतून नायलॉनचा धागा ओवला. नऊ धागे उभे, नऊ आडवे. माझ्या पोटात शंभर घरे तयार झाली.

बाई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. कानामागे पेन्सिल, पायांत जाड तळाचे बूट, चालणे असे की बरोबरच्याला धावावे लागे. दुपारचा डबा त्या उभ्यानेच खात. केंद्रात सगळ्यांना त्यांच्याबद्दल आदर होता. जिव्हाळा मात्र कुणालाच नव्हता.

केंद्रापासून बसने दीड तासावर जंगल होते. जंगल म्हटले की तुम्ही मान वर करून उंच झाडे बघता. बाई मान खाली घालून बघत. मोठ्या झाडांच्या पायाशी, सावलीत, आपल्या गुडघ्याच्याही खाली एक दुसरे जंगल असते. त्याला मोठ्या झाडांचे छप्पर लागते, पालापाचोळ्याचे अंथरूण लागते आणि भुसभुशीत माती लागते. तिथे तिपानी नावाचे एक रोप होते. एका देठावर तीन पाने आणि त्यांच्या मधोमध एक पांढरे फूल. बी रुजल्यावर दोन-तीन वर्षे तिला एकच पान असते. तीन पाने यायला आणखी काही वर्षे जातात आणि पहिले फूल यायला आठ वर्षे. तिचे पान कुणी खाल्ले तर त्या वर्षी ती दुसरे पान काढत नाही. मुळात साठवलेल्यावर कसेबसे वर्ष काढते आणि पुढच्या वर्षी अधिक लहान होऊन उगवते. असे चार-पाच वर्षे लागोपाठ झाले, की तिपानीची पुन्हा एकपानी होते, आणि मग काहीच उगवत नाही.

त्या जंगलात तिपानी झपाट्याने कमी होत होती. झाडे तोडणारे म्हणत, हरणांनी खाल्ली. हरणांची बाजू घेणारे म्हणत, करवतींनी मारली. खरे काय ते शोधायचे बाईंनी ठरवले. त्यांनी जंगलाचे चार तुकडे आखून घेतले. पहिल्यात झाडे तोडली आणि तो उघडाच ठेवला. दुसऱ्यातही झाडे तोडली, पण त्याला हरणे उडी मारू शकणार नाहीत एवढे उंच तारेचे कुंपण घातले. तिसऱ्यात एकही झाड तोडले नाही आणि कुंपण घातले. चौथ्यात ना कुऱ्हाड लावली, ना तार. दर वर्षी चारही तुकड्यांत जमिनीत ठोकलेल्या दहा-दहा खुंट्यांपाशी मला ठेवायचे आणि माझ्या शंभर घरांत काय काय आहे ते लिहून घ्यायचे, असे ठरले.

बाईंच्या मदतीला त्या जंगलाचा रखवालदार दिला. तो तिशीतला, सडपातळ आणि अबोल माणूस होता. पहिल्याच दिवशी बाई झपाझप चालल्या असताना तो मागून हळूच म्हणाला, "बाई, पाय."

बाईंचा एक पाय हवेतच थांबला. खाली पाचोळ्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक हिरवा कोंब होता. बाईंना तो वाकूनही चटकन दिसला नाही. त्या दिवसापासून त्याचे नाव भिंग पडले. बाई त्याला भिंग म्हणत, म्हणून केंद्रातले म्हणू लागले, आणि शेवटी घरचेही म्हणू लागले.

भिंग जंगलाच्या तोंडाशी दोन खोल्यांच्या सरकारी घरात राहत असे. घरात त्याची बायको होती आणि आबा, म्हणजे त्याचे वडील. आबाही तिथेच रखवालदार होते. त्यांची नोकरी संपली, ती मुलाला लागली आणि घर तेच राहिले. मला बसने रोज ने-आण करणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून मीही तिथेच राहू लागले, दारामागच्या खिळ्यावर. आबा आंघोळ झाली की ओला टॉवेल माझ्यावर वाळत घालत. भिंग तो लगबगीने उचलून घेई आणि म्हणे, हिचा कोपरा फुगला तर बाई आपल्याला फुगवतील. त्याची बायको म्हणे, बायकोशी बोलत नाहीत तेवढे ह्या लाकडाशी बोलतात. ते खोटे नव्हते. माझ्या शेजारी गुडघे टेकले की अबोल भिंग दिवसभर बोलत असे. "तिपानी दोन. एकपानी सात. तिपानी एक, खाल्लेली." तो पुकारत असे आणि बाई लिहीत असत. कुणी खाल्ली हेही तो सांगे. ससा पान कात्रीने कापल्यासारखे तिरके तोडतो. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते पान ओढून फाडते, म्हणून देठाला फाटक्या कापडासारखे धागे राहतात. बाईंनी हे पुस्तकात वाचलेले होते, भिंगने रानात पाहिलेले होते. दोघांचे उत्तर एकदाही वेगळे आले नाही.

चारही तुकड्यांना भिंगने नावे दिली होती. तोडलेला आणि उघडा, तो बोडका. तोडलेला पण कुंपणातला, तो कोंडलेला. जसाच्या तसा ठेवलेला, तो मोकळा. आणि न तोडलेला, कुंपणातला तिसरा तुकडा, तो लाडका. लाडक्याचे फाटक घराच्या दारातून दिसे. त्याच्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक भिंगच्या कमरेला आणि दुसरी वनखात्याच्या कचेरीत.

वर्षे गेली. बोडक्यात पहिली दोन वर्षे इतके गवत आणि इतके कोवळे फुटवे आले की बघणारा खूश व्हावा. ऊन जमिनीपर्यंत पोचले होते ना. पण त्या हिरवळीच्या ओढीने हरणे आली, खाऊन पोसली, व्याली, आणि दहाची चाळीस झाली. गवत संपल्यावर ती खालच्या रोपांकडे वळली. पाचव्या वर्षी बोडक्यात काटे आणि नेचे यांच्याशिवाय काही नव्हते. कोंडलेल्यात हरणे नव्हती, पण तिथे काटेरी वेली डोक्याएवढ्या माजल्या. आणि ज्या वाटेने ट्रॅक्टरने ओंडके ओढून नेले होते, तिथली माती फरशीसारखी घट्ट झाली होती. कुंपण असूनही तिथे तिपानीचा एक कोंब आला नाही. मोकळ्यात ती जिवंत होती, पण खुरटलेली, बिनफुलांची. आणि लाडक्यात आठव्या वर्षी फुले आली. एकाच खुंटीपाशी माझ्या पोटात त्या दिवशी अकरा फुले होती. सगळ्या खुंट्या मिळून एकसष्ट. बाई पेन्सिल खाली ठेवून जमिनीवर बसल्या. त्या दिवशी त्यांनी डबा बसून खाल्ला आणि अर्धा भिंगपुढे सरकवला.

म्हणजे उत्तर मिळाले होते. करवत आणि दात, दोन्ही मिळून तिपानीला मारत होते. आणि हरणे आपण होऊन वाढली नव्हती. करवतीने छप्पर काढले होते आणि हरणांना पंगतीला बोलावले होते. झाडे उभी असतील तर नुसत्या कुंपणाने तिपानी परत येत होती. झाडे गेली, ट्रॅक्टर फिरला, की मग कुंपणानेही येत नव्हती. पण बाई चोख होत्या. एका बहरावर त्यांचा विश्वास बसेना. आणखी चार वर्षे मोजू, मगच छापू, असे त्या म्हणाल्या.

बाराव्या वर्षी वनखात्यात नवे साहेब आले. समोरचा सगळा उतार तोडायची त्यांची योजना होती. त्याआधी एक समिती येऊन बाईंचे चारही तुकडे डोळ्यांनी बघणार होती. फुललेला लाडका आणि त्याच्या शेजारी ओसाड कोंडलेला समितीने पाहिला असता, तर योजना तिथेच बारगळली असती.

समिती यायच्या दहा दिवस आधी, एका दुपारी, साहेबांची जीप भिंगच्या दारात थांबली. बाई केंद्रात होत्या. साहेब माझ्याच खाली खुर्चीवर बसले. त्यांनी चहा घेतला, घर स्वच्छ ठेवले आहे म्हणून भिंगच्या बायकोचे कौतुक केले, आबांच्या तब्येतीची चौकशी केली. मग आबांना आणि सुनेला बाहेर पाठवून ते कामाचे बोलले. जीपमध्ये मिठाचे ठोकळे होते. दूरच्या पाणवठ्यांवर जनावरांना चाटायला ठेवतात ते, लालसर, विटेएवढे. ते फक्त साहेबांच्या गोदामात कुलपात असत. ते लाडक्याच्या आत ठेवायचे आणि चार दिवस फाटक उघडे सोडायचे, असे साहेबांनी सांगितले. लेखी काही मिळणार नाही हेही सांगितले.

भिंग म्हणाला, "साहेब, बाईंची बारा वर्षं आहेत त्याच्यात."

"आणि तुझ्या वडिलांची किती राहिलीत?" साहेबांनी विचारले. आवाज चढवला नाही. सरकारी घरात नोकर, त्याची बायको आणि मुले एवढ्यांनीच राहायचा नियम आहे, वडील त्यात बसत नाहीत, हे त्यांनी समजावून सांगितले. तो गप्प राहिला तर घर त्याचेच राहील, असा शब्दही दिला. मग कप खाली ठेवून ते गेले.

भिंगने ठोकळे एकेक करून आत नेले. परत आल्यावर त्याने साबणाने हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले.

मित्रांनो, पुढचे चार दिवस मी दाराच्या फटीतून सगळे पाहिले. पहिल्या दिवशी हरणे फाटकापर्यंत येऊन थांबली. त्यांना बारा वर्षांची सवय होती. तिथे तार असते हे पायांना पाठ होते. मग एक म्हातारी हरिणी आत गेली. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस होती. कोरडा ऋतू होता, बाहेर तोंडाला येईल असे काही उरले नव्हते, त्यांच्या फासळ्या माझ्या धाग्यांसारख्या मोजता येत होत्या. त्यांना मी दोष देत नाही. तिपानीला आठ वर्षे लागतात हे त्यांना कुणी सांगितले असते? हिरवे होते, कोवळे होते. आधी फुले गेली, मग पाने, मग देठ. पान फाटल्याचा बारीक आवाज दिवसभर येत होता. भिंगने दार लावून घेतले. आत उकडत होते. आबांनी विचारले, फाटक उघडे कसे. साफसफाईसाठी, असे भिंगने सांगितले. त्याच्या बायकोने काहीच विचारले नाही आणि चारही दिवस ती त्याच्याशी बोललीही नाही.

पाचव्या दिवशी बाई आल्या. समितीसाठी ताजी मोजणी हवी होती. आत पाऊल टाकताच त्यांना सगळे दिसले असणार, कारण झाकायला काही उरलेच नव्हते. त्यांनी पहिल्या खुंटीपाशी मला ठेवले, वही उघडली आणि भिंगकडे बघत थांबल्या. मग एवढेच म्हणाल्या, "पुकार."

भिंग गुडघ्यांवर बसला. "तिपानी, देठ. तिपानी, देठ. देठ. देठ." दुसरी खुंटी. तिसरी. त्याचा आवाज बसत गेला, तरी बाईंनी त्याला थांबवले नाही. दहाही खुंट्यांवर त्यांनी त्याच्याकडून देठ मोजून घेतले. फाटलेल्या टोकांचे धागे अजून ओले होते. सातव्या खुंटीपाशी मिठाचा अर्धा ठोकळा पडला होता, चाटून चाटून मधोमध खोलगट झालेला. बाईंनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि पिशवीत टाकला. भिंगने ते पाहिले की नाही, मला सांगता येणार नाही. तो खाली बघत होता.

फाटक कुणी उघडले, असे त्यांनी शेवटी विचारले.

"माझ्याकडून राहिलं, बाई," भिंग म्हणाला.

त्या दिवशी बाई मला बरोबर घेऊन गेल्या. केंद्रात त्यांची खोली पहिल्या मजल्यावर होती. दोन पत्र्याची कपाटे, काच घातलेले टेबल, रस्त्याकडे एक खिडकी. मला कपाटाशेजारच्या खिळ्यावर लटकवून त्या लिहायला बसल्या. पहिल्या पानावर त्यांनी मिठाचा ठोकळा लिहिला, जीपच्या चाकांच्या खुणा लिहिल्या, दोन किल्ल्या लिहिल्या. सगळे जिथल्या तिथे. लिहिताना त्या हलक्या आवाजात वाचत, म्हणून मला कळले. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे साहेब होते. मला फक्त बाईंचे ऐकू येत होते. "हो, बघितलं मी... पुढची पाच वर्षं?... चारही तुकडे?... लेखी द्याल का?" मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी ते पान फाडले. चार घड्या घातल्या. मिठाच्या ठोकळ्याबरोबर तो कागद खणात टाकून खण बंद केला. नव्या पानावर एकच ओळ लिहिली: "रखवालदाराच्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्या तुकड्याचे फाटक उघडे राहिले." पुढे तारीख घातली. मला केसभर चुकीसाठी दोनदा परत पाठवणाऱ्या बाईंनी ही ओळ पुन्हा वाचूनही पाहिली नाही.

आठवड्याने भिंग केंद्रात आला. शिपायाने आत येऊन सांगितले, तो रखवालदार आला आहे, दोन मिनिटे मागतो आहे. मी मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग, असे बाई म्हणाल्या. खोलीत त्या होत्या आणि मी होते. टेबलाच्या काचेवर दोन्ही हात ठेवून त्या बसून राहिल्या. बाहेरच्या फरशीवर भिंगच्या चपला वाजत होत्या, थोड्या इकडे, थोड्या तिकडे. दीड तासाने चपला जिना उतरून गेल्या. बाईंनी मग पेन्सिलला टोक काढले आणि कामाला लागल्या.

समिती आली, तिने खाल्लेला लाडका पाहिला आणि झाडे उभी असूनही तिपानी हरणांनीच संपवली, तोडीचा दोष नाही, असे लिहून गेली. भिंगची नोकरी त्या एका ओळीवर गेली. साहेबांचा शब्द घर वाचवण्याचा होता, पण ज्याला नोकरी नाही त्याला घर कसले?

बाईंना मोजणीसाठी आणखी पाच वर्षे कबूल केली होती, दोन मिळाली. तिसऱ्या वर्षी समोरच्या उताराबरोबर चारही तुकडे तोडले गेले. कारण म्हणून कागदावर दोनच शब्द होते, प्रशासकीय सोय. लाडक्याची तार गुंडाळून भंगारात गेली. तिपानी हरणांमुळे गेली असे आता ठरलेच होते, म्हणून हरणांनाही मारायचे ठरले. तीन दिवस बंदुका चालल्या म्हणे. मला खिडकीतून फक्त ट्रक दिसले. ताडपत्रीखालून पाय बाहेर आलेले, बारीक, वाळक्या काटक्यांसारखे, खुरांना अजून माती लागलेली. ट्रक सिग्नलला थांबले की रस्त्यावरची माणसे नाकाला रुमाल लावत. पुढच्या वर्षी बाई एकट्या मोजायला गेल्या आणि रिकामी वही घेऊन परत आल्या. हरणे गेली, झाडे गेली, आणि तिपानी काही आली नाही. यायला बीच उरले नव्हते, आणि मुळे ट्रॅक्टरखाली चेंगरली होती. साहेबांना बढती मिळाली आणि ते दुसरीकडे गेले.

त्यानंतर मी नऊ वर्षे त्या खिळ्यावर होते. माझे धागे ढिले पडले, घरे वाकडी झाली. झाडूवाली मला हलवून कोळिष्टके काढे, तेवढाच काय तो हात लागे. मी हवामान मोजायचे यंत्र आहे असे एका नव्या कारकुनाला वाटत होते. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी कपाटे रिकामी केली, खण रिकामे केले, वह्या रद्दीत दिल्या आणि मला काखेत मारून त्या बसमध्ये चढल्या. त्यांचे गुडघे गेले होते. पायरी चढताना त्यांनी माझाच आधार घेतला.

आम्ही शहराच्या टोकाला एका लाकडाच्या वखारीत आलो. मोठ्या गोल करवतीपुढे एक पांढऱ्या केसांचा माणूस फळ्या सरकवत होता. तो भिंग होता, हे मी त्याच्या मान वाकवण्यावरून ओळखले. उजव्या हाताची दोन बोटे नव्हती. बाईंना बघून त्याने करवत थांबवली, एका ओंडक्यावरचा भुसा झटकून त्यांना बसायला जागा केली आणि टपरीवरून चहा सांगितला. जुने कुणी भेटले की माणसे बोलतात तसे ते थोडे बोलले. बाईंनी आबांचे विचारले. भिंगने सगळे सरळ सांगितले. घर आठ दिवसांत सोडावे लागले. टायरच्या दुकानावर एक खोली मिळाली, तिला खिडकी नव्हती. आबा रोज संध्याकाळी विचारत, फाटक लावलेस ना. चौथ्या महिन्यात गेले. बायको आता इस्पितळाच्या धुलाईत चादरी धुते. बोटांचे बाईंनी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

चहा संपला. बाई कप हातातच धरून बसल्या होत्या. आधी त्याला नेहमी तू म्हणणाऱ्या बाई म्हणाल्या, "एक सांगायला आले होते. ते फाटक तुम्ही आपण होऊन उघडलं नव्हतंत. मला माहीत होतं."

भिंगने मान वर केली. "कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मीठ उचललं तेव्हाच."

"मी भेटायला आलो होतो तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं. मीटिंग नव्हती."

वखारीत जेवणाची सुट्टी झाली होती, दोन्ही करवती बंद होत्या. भिंग आपल्या हातावरचा भुसा बोटाने काढत राहिला, जसा पूर्वी पानावरची माती काढायचा. मग तो बोलला, हळू, आवाजात राग न आणता.

"मला वाटायचं, तुम्हाला कुणी कळूच दिलं नाही. घरी मी तसंच सांगितलं. बाईंना खरं कळलं असतं तर त्यांनी आपल्याला असं जाऊ दिलं नसतं, म्हणून सांगितलं. आबांना मरताना तेच सांगितलं. मीपण तेच धरून होतो इतकी वर्षं."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"हे तुम्ही तुमच्यापाशीच ठेवायला हवं होतं, बाई," भिंग म्हणाला.

बाई उठल्या. मला त्यांनी ओंडक्याला टेकवून ठेवले, ही तुमच्याकडेच असू द्या असे काहीतरी पुटपुटल्या आणि फळ्यांच्या थप्प्यांमधून सावकाश बाहेर गेल्या. भिंगने त्यांना थांबवले नाही. तो बसथांब्यापर्यंत पोचवायलाही गेला नाही, आणि तो तसा माणूस नव्हता. सुट्टी संपली तशी त्याने करवत चालू केली.

दुसऱ्या दिवशी त्याने माझे धागे चाकूने कापले. अठराही. खालून बारीक जाळी ठोकली. तेव्हापासून मी वखारीत भुसा चाळते. जाड ढलपे वर राहतात, बारीक भुसा खाली पडतो, पोती भरली की कोंबड्यांच्या खुराड्यांसाठी विकली जातात. भिंग मला नीट वापरतो, आपटत नाही, पावसात टाकत नाही. पण माझ्या शेजारी बसून तो आता काही बोलत नाही.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. तुमच्यापैकी कुणी पुढे जंगल राखील, कुणी मोजील, कुणी साहेब होईल. उंच झाडे उभी राहू द्या, म्हणजे त्यांच्या पायाशी असलेले हळू वाढणारे जीव आपले आपण जगतील. हरणांवर राग काढू नका. ती वाढली असतील तर त्यांना कुणी बोलावले ते आधी विचारा. आणि तुमच्या शेजारी गुडघे टेकून एखादा माणूस वर्षानुवर्षे तुमच्यासाठी काम करत असेल, तर त्याच्यावर वेळ येईल तेव्हा त्याच्याबद्दल खरे ते लिहा. त्याच दिवशी लिहा. नोकरी संपल्यावर, गुडघे गेल्यावर, मन हलके करण्यासाठी ते त्याच्या दारात नेऊन टाकू नका. तोवर त्याने स्वतःला समजावण्यासाठी काहीतरी जुळवलेले असते. ते तरी त्याच्यापाशी राहू द्या.